नावाड्याचा खिसा

...दोरा निळाच होता. पडद्यावर नखाएवढं चित्र, त्यात पितळेची एक किल्ली, आणि किल्लीच्या डोक्याशी, जिथे बोट आणि अंगठा धरतात तिथे, घट्ट गुंडाळलेला निळा दोरा — एका बाजूने किंचित काळपट, हात लागून लागून होतो तसा. चित्र काढणाऱ्याने तो काळपटपणासुद्धा सोडला नव्हता. तिने चित्र मोठं केलं, अजून मोठं केलं, शेवटी त्याचे नुसते चौकोन चौकोन झाले, तरी निळे चौकोन निळेच राहिले. मग तिने खुर्चीच्या पाठीला अडकवलेल्या पर्समध्ये न बघता हात घातला... रुमाल, गोळ्यांची पट्टी, घराच्या किल्ल्या. त्यातली दोरेवाली बोटांना लगेच सापडली. होती. जागेवर होती. क्षणभर तिला खरंच वाटलं होतं की नसेल.

बाबांची किल्ली खेळातल्या ह्या म्हाताऱ्या नावाड्याच्या खिशात कोणी घातली?

खिसे हे तिचंच खातं होतं, म्हणून तर हा प्रश्न. हा कॉम्प्युटरवरचा खेळ बरीच वर्षं चालू होता — जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून एकाच वेळी त्यात शिरायची, तलवारी घ्यायची, राक्षस मारायची, राज्यं जिंकायची — आणि इतक्या वर्षांत त्यातल्या कुणालाही खिसा नव्हता. गरजच पडली नव्हती. यंदा वरच्यांच्या डोक्यात आलं की वीर पुरे झाले, आता नवा भाग काढायचा तो चोरांचा. चोरनगरी. खेळणाऱ्याने चोर व्हायचं, गर्दीत घुसायचं, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाच्याही खिशात हात घालायचा. कुणाच्याही! म्हणजे नगरातल्या प्रत्येकाच्या खिशात काहीतरी असायला हवं, आणि ते दर वेळी तेच तांब्याचं नाणं असून भागणार नाही. ते काहीतरी ठरवणारी बाई म्हणजे ती. ऑफिसात तिला सगळे खिसेवाली म्हणत; आधी चेष्टेने, मग सवयीने, आणि ती स्वतःच फोनवर "हां, खिसेवाली बोलतेय" म्हणायला लागली तेव्हा त्यातली चेष्टा संपली.

आणि खिसे तिने भरले होते मनापासून. गस्तवाल्या शिपायाच्या खिशात शिट्टी होती, पण शिट्टीत वाटाणा नव्हता. भिकाऱ्याच्या खिशात इस्त्री केलेला रुमाल होता. फाशी देणाऱ्याच्या खिशात कापसात गुंडाळलेला लहान मुलाचा दुधाचा दात — हा सुचला त्या दिवशी तिला जेवण गेलं नव्हतं, इतका आनंद झाला होता. राजाची भाषणं, चोरांच्या म्होरक्याच्या शपथा, प्रेमिकांचे रुसवे हे सगळं लिहिणारे दुसरे. ते दिसायचं, ऐकू यायचं, त्याचं कौतुक व्हायचं. खिसा कुणी कापला तरच उघडणार. असू दे, असं ती स्वतःला म्हणायची. म्हणायची, पण वाटत काही तसं नव्हतं.

नावाड्याचा खिसा मात्र तिचा नव्हता. चोरी केल्यावर ज्या खिशातून पुढे बोलणं निघतं, तो खिसा संवाद लिहिणारीने भरायचा, असा त्यांच्याकडे रिवाज होता. असे खिसे मोजकेच होते. खिसेवालीने फक्त शेवटची नजर फिरवायची, वस्तू चोरता येईल की नाही त्या खुणेची खात्री करायची आणि पुढे सरकायचं. आज तेच चाललं होतं, कारण दुपारनंतर साहेबांसमोर अख्खी नगरी खेळून दाखवायची होती.

संवादवाली शेजारच्याच टेबलावर बसायची. आताही बसलेली होती, पाय खुर्चीवर घेऊन, ओठ हलवत, लिहिलेलं स्वतःशीच म्हणून बघत. हसरी, गोड गळ्याची, कुणाच्याही घरी गेली की थेट स्वयंपाकघरात शिरणारी. तिच्याशी हिचं मेतकूट जमून बरीच वर्षं झाली होती. सुट्टीच्या दिवशी ती घरी यायची, आईच्या पलंगावर मांडी ठोकून बसायची आणि आई, जी पोटच्या मुलीशी बोलताना "दूध आण", "दिवा घालव" यापुढे क्वचितच जायची, ती संवादवालीसमोर खुदखुदायची. "तुझी मैत्रीण बरी आहे, तिला ऐकायला येतं," असं आई एकदा म्हणाली होती. म्हणजे मला येत नाही का, हे तेव्हा विचारायचं राहून गेलं.

तर किल्ली संवादवालीने पाहिली असणार. शंभरदा पाहिली असेल, ह्याच टेबलावर पडलेली. एकदा विचारलंही होतं, "ही गं कसली?" आणि हिने सांगितलं होतं, "बाबांची. त्यांच्या खिशात असायची कायम. कशाची ते कुणालाच माहीत नाही." बाबा गेले तेव्हा त्यांच्या शर्टातून हिनेच ती काढून घेतली होती. त्या किल्लीवरून लहानपणी किती कुलपं मनात रचली असतील... पेटी, तळघर, परक्या गावातलं घर, लांबच्या ऑफिसातला लोखंडी खण. आईला विचारलं की आई म्हणायची, "काही नाही गं. जुनी आहे." माणसाच्या खिशात काय असतं आणि ते का असतं, हा नाद तिला तिथूनच लागला. म्हणजे ती किल्ली म्हणजे हिचा सगळा धंदा होता म्हणा ना. आणि ही बया ती सरळ उचलते, आणि न विचारता एका नावाड्याच्या खिशात टाकते!

अंगाचा तिळपापड म्हणतात तो झाला, पण अजून तो रागच होता, साधा, भांडून संपणारा. जाऊन विचारावं, "काय गं, चोरनगरी लिहिता लिहिता अंगात आली का?" आणि ती हसेल, सॉरी म्हणेल, चहा पाजेल. ती उठलीसुद्धा. पण वाटेत पैलवान आडवा आला.

पैलवान म्हणजे खेळ तपासणाऱ्यांतला सगळ्यात दांडगा गडी. जांभया देत राक्षस मारायचा, आणि आजवर कुठल्याही गोष्टीला त्याने "चालेल" याहून मोठी दाद दिलेली नव्हती.

"खिसेवाली ताई," तो म्हणाला, "तो नावाडी खेळलात का?"

"नाही अजून. का रे?"

"काल रडलो की हो मी. खरंच. घरी बायकोला फोन केला उगाचच."

"माझ्या त्या दुधाच्या दाताला नाही रडलास ते?"

"दात भारी आहे," पैलवान घाईघाईने म्हणाला, "पण दात तो दात. हे वेगळं आहे. खेळूनच बघा."

दात तो दात. ती परत फिरली, जागेवर बसली, कानांना हेडफोन लावले आणि चोर होऊन नगरीत उतरली.

धक्क्यावर नावाडी दोरखंड गुंडाळत होता. तिने मागून जाऊन खिशात हात घातला. दोन किल्ल्या हाताला लागल्या. एक नवी, ती घट्ट, निघेना, आणि दुसरी दोरा गुंडाळलेली, ती अलगद आली. आता चोर काय करणार? किल्ली मिळाली की घर गाठणार. गल्लीच्या टोकाला नावाड्याचं घर होतं, दार बंद, खिडकीत उजेड. तिने किल्ली लावली. किल्ली आत गेली आणि फिरेना. पुन्हा लावली, पितळ कुलपात घासल्याचा आवाज झाला. आणि आतून एका बाईचा आवाज आला, थकलेला, रागावलेला नाही, हळू:

"ती जुनी आहे हो. कुलूप मी बदललं, तुम्ही गेलात तेव्हा. दोरा बांधून दिलाय ना तिला, अंधारात चुकू नये म्हणून... थांबा, उघडते."

मग दार उघडलं. बाईने चोराला नवराच समजून हातातली पिशवी घ्यायला हात पुढे केला. बस्स, एवढंच.

हेडफोन तिने काढले नाहीत. काढले असते तर आजूबाजूचं ऐकू आलं असतं, आणि तिला काहीच ऐकायचं नव्हतं; एक घासल्याचा आवाज आधीच ऐकू येत होता, पितळ कुलपात घासल्याचा, आणि तो खेळातला नव्हता... चौकटीपाशी लाकडाचा भुसा पडलेला, एक माणूस जमिनीवर बसून दाराला काहीतरी ठोकतोय, आणि मी त्याच्या स्क्रूंची रांग लावतेय. बाबा लांब कामाला गेले होते तेव्हाची गोष्ट. बरेच दिवस गेले होते. मग एका संध्याकाळी दाराशी तो आवाज. आई हातात पळी घेऊन दाराच्या आत उभी. मी म्हटलं, "आई, दार," तर तिने ओठांवर बोट ठेवलं. "गप. चोर आहे." किती वेळ उभी होती! पळीतून काहीतरी ठिबकत होतं फरशीवर. मग मला आत पाठवलं, आणि मी पांघरुणात शिरून झोपून गेले, आणि सकाळी बघते तर बाबा आलेले. चोर बाबांना बघून पळाला, असं मीच ठरवलं. कुणी सांगितलं नव्हतं, मीच.

ही गोष्ट ती आयुष्यभर सांगत आली होती. चोरनगरीची पहिली बैठक झाली तेव्हासुद्धा तिने ती रंगवून सांगितली होती — आमच्याकडे एकदा चोर आला होता, आणि आमचे बाबा असे, दारातच... सगळे हसले होते, साहेब म्हणाले होते, "खिसे हिच्याकडेच द्या, घरचा अनुभव आहे." संवादवालीही हसली होती. नंतरही दोनदा तिने ती सांगायला लावली होती, नवी माणसं आली तेव्हा. तेव्हा तिला माहीत होतं का? ऐकत होती आणि आत माहीत होतं?

किल्ली पाहून कळण्यासारखी असते. दोरासुद्धा. पण कुलूप बदललं होतं हे किल्लीकडे बघून कळत नाही. ते एकाच बाईला माहीत होतं, आणि त्या बाईने ते सांगितलं होतं. मला नाही. संवादवालीला.

कधी, हेही लगेच ध्यानात आलं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ती दुपार. इथे खिशांचं काम गळ्याशी आलेलं, आणि संवादवाली म्हणाली होती, "तू थांब, मी बसते काकूंपाशी, माझं काय, मी कुठेही बसून लिहीन." किती बरं वाटलं होतं! देवासारखी धावून आली, असं चारचौघांत म्हटलं होतं. आणि तिकडे दवाखान्याच्या खाटेवर आई, अर्धवट गुंगीत असेल, नसेलही, बोलत होती. मी इकडे एका मासेवालीच्या खिशात काय घालावं म्हणून डोकं खाजवत होते, आणि तिकडे माझा स्वतःचा...

पोटात दुखत होतं. खरोखरचं, डाव्या बाजूला. मत्सराला इतकी ठरलेली जागा असते हे तिला नव्याने कळलं. राग किल्लीचा नव्हताच. किल्ली ने बाई, दहा घे तसल्या. पण तो आवाज, आईचा तो हळू, थकलेला आवाज, "थांबा, उघडते" म्हणणारा — आईला असा आवाज आहे हेच हिला ठाऊक नव्हतं. तो त्या दुसरीने ऐकला होता, कानात साठवून आणला होता, आणि आता पैलवान रडणार, जगभरची माणसं रडणार, आणि सख्ख्या मुलीने तो हेडफोनमधून ऐकायचा, परक्या नटीच्या गळ्यातून.

जेवणाच्या सुट्टीत तिने घरी फोन लावला.

"जेवलीस का?" आई म्हणाली.

"जेवले. आई..."

"काय?"

"काही नाही. गुडघा कसाय?"

"आहे तसा आहे. येताना दूध आण. आणि तुझी मैत्रीण येणारे का गं या सुट्टीला? तिला म्हणावं ये."

"सांगते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. जागेवर आली. पडद्यावर नावाड्याचा खिसा तसाच उघडा होता. वस्तूच्या नावापुढे एक छोटी चौकट, त्यात बरोबरची खूण: चोरता येईल. तिने ती खूण काढली. एवढंसं काम. कुणी विचारलंच तर म्हणता येईल, नजरचूक. आता नावाड्याची किल्ली कुणाच्या हाताला लागणार नाही, दाराशी कुणी जाणार नाही, आतली बाई काही बोलणार नाही. निदान आज तरी. आज तरी साहेबांनी माझा दात बघावा. तिला इतकं हलकं वाटलं की तिने उठून संवादवालीला चहासुद्धा आणून दिला.

"अगं बाई, आज काय विशेष?" संवादवाली म्हणाली.

"काही नाही. घे."

दुपारी मोठ्या खोलीत सगळे जमले. पैलवान खेळायला बसला, साहेब पुढच्या खुर्चीत. शिपायाच्या शिट्टीला लोक हसले. भिकाऱ्याच्या रुमालाला साहेब "वा" म्हणाले. मग फाशी देणाऱ्याचा खिसा, आणि दात निघाला तेव्हा खोलीत जी शांतता झाली ती तिने आयुष्यभर पुरेल इतकी मनात भरून घेतली. सुख होतं. खोटं कशाला बोला, निव्वळ सुख होतं.

"आता नावाडी," पैलवान म्हणाला, आणि मागे वळून सगळ्यांकडे बघितलं, रुमाल काढून ठेवा अशा थाटात.

चोराचा हात खिशात गेला आणि रिकामा बाहेर आला. पुन्हा गेला, पुन्हा रिकामा. "काल तर होती," पैलवान पुटपुटला. साहेब म्हणाले, "हेच का ते रडायचं?" लोक हसले. ती पण हसली, तोंडाने. पैलवान चोराला घेऊन तिथेच घुटमळत राहिला, आणि तेवढ्यात नगरीत संध्याकाळ झाली. दिवे लागले. नावाड्याने नाव बांधली आणि तो घराकडे निघाला, नगरीतली सगळी माणसं निघतात तसा.

आणि त्या क्षणी तिला आठवलं. नियम तिचाच होता, तिनेच बसवून घेतला होता, आणि रागाच्या भरात तिलाच आठवला नव्हता: जी वस्तू चोरता येत नाही ती त्या माणसाची हक्काची, आणि दार उघडताना माणूस खिशातली हक्काची किल्लीच काढतो. आता दोन्ही किल्ल्या हक्काच्या झाल्या होत्या, आणि यंत्राने त्यातली वरची घेतली.

नावाड्याने खिशातून किल्ली काढली. निळा दोरा मोठ्या पडद्यावर लख्ख दिसला. त्याने किल्ली लावली. फिरली नाही. काढली, बघितली, पुन्हा लावली. पितळ घासल्याचा आवाज मोठ्या खोलीत सगळीकडून आला. पुन्हा काढली, पुन्हा लावली.

"बायकोने घराबाहेर काढला याला!" कुणीतरी म्हणालं, आणि जी खसखस पिकली ती थांबेना. पैलवानानेही हसत हसत नजर खिडकीकडे वळवली. आत नावाड्याची बायको दाराशी येऊन उभी होती, कडीवर हात. तिचं वाक्य चोराने किल्ली लावल्यावर म्हणायचं होतं, आणि चोर नव्हता. म्हणून ती गप्प उभी होती. आत ती, बाहेर तो, मध्ये दार. दोघांचेही चेहरे शांत. तो किल्ली लावतोय, ती ऐकतेय. लोक डोळे पुसत होते, हसून. साहेबसुद्धा.

बाबा किती वेळ उभे होते? पळीतून ठिबकत होतं...

खोलीत दोनच माणसं हसत नव्हती. संवादवाली पडद्याकडे बघत नव्हती. ती हिच्याकडे बघत होती, आणि तिला कळलं होतं.

"सकाळपर्यंत नीट करा," साहेब उठताना म्हणाले, "पण मजा आली."

पाण्याच्या पिंपापाशी संवादवालीने तिला गाठलं. पेला हातात, भरलेला नाही.

"तू केलंस ना?"

"आईने सांगितलं तुला?"

"हो. त्या दिवशी." ती थांबली. "तुला विचारायला हवं होतं. पण मग तुला कळलं असतं. आणि लिहिल्याशिवाय राहवेना."

"मला का नाही सांगितलं तिने?"

"मी विचारलं होतं. म्हणाल्या, तिच्याजवळचे बाबा आहेत तसे राहू देत. तिला दुसरं काय दिलंय मी."

हे ऐकून माणसाचं मन भरून यावं, असं कुठल्याही शहाण्याला वाटेल. तिचं नाही आलं. उलट डाव्या बाजूची ती कळ अजून खोल गेली. म्हणजे मला जपलं. मला अख्खे बाबा दिले, पॉलिश केलेले, आणि स्वतःचं दुःख, ते खरं, ते दारामागचं उभं राहणं, ते उचलून हिच्या ओटीत टाकलं. जपणं वेगळं आणि सांगणं वेगळं. मला जपून घ्यायचं नव्हतं.

"चांगलं लिहिलंयस," ती म्हणाली, आणि ते खरं होतं म्हणून जास्तच लागलं. "पैलवान रडला."

"खूण परत घालशील?"

ती पर्स घ्यायला गेली. खूण तिने घातली नाही. घालायची नाही असंही काही ठरवलं नव्हतं म्हणा, नुसता पडदा बंद केला. रस्त्याने चालताना मात्र तिला तो दिसतच राहिला. नगरीत आता कुणी नव्हतं, दिवे मालवलेले, आणि एक म्हातारा दाराशी, किल्ली लावतोय, काढतोय. सकाळपर्यंत. माझ्यामुळे. तिने दूध घेतलं. दुकानदाराने काय म्हटलं ते ऐकू आलं नाही. बाबांबद्दल तिला राग यायला हवा होता, सोडून गेलेल्या माणसाबद्दल येतो तसा; ती शोधत होती, आणि सापडत नव्हता. कसं गेले, कुठे गेले, कुणासाठी... त्या माणसाने मरेपर्यंत ती किल्ली खिशात बाळगली आणि आईने ती फेक म्हटलं नाही. एवढं दोघांच्यात होतं, आणि मी मध्ये पांघरूण घेऊन झोपले होते.

जिना चढून ती दाराशी आली, त्याच, लहानपणच्या दाराशी. आत दिवा होता. एका हातात दुधाची पिशवी, दुसरा हात पर्समध्ये. इतकी वर्षं बोटं दोरा लागला की ती किल्ली आपोआप बाजूला सारायची, त्यासाठीच तर तो दोरा होता, हे आज कळलं. बोटांना दोरा लागला. तिने तो धरला.

किल्ली आत गेली. फिरली नाही. पितळ कुलपात घासलं.

आतली टीव्हीची कुजबुज थांबली. मग काठीचा आवाज, आईचं ते एक पाय ओढत चालणं, पलंगापासून, टेबलापासून, जवळ... आणि दाराच्या अगदी पलीकडे येऊन ते थांबलं. "कोण?" असं आई रोज विचारते. आज विचारलं नाही. तो आवाज ओळखणारी जगात ती एकटीच होती.

ती बाहेर उभी राहिली. कळ होती, गेली नव्हती. पण संवादवाली तिच्यातून केव्हाच निघून गेली होती. आता मत्सर वाटत होता तो बाबांचा, ज्यांच्यासाठी इतका वेळ आत उभं राहून शेवटी कुणीतरी कडी काढली होती. घंटी हाताशी होती. खरी किल्ली त्याच कड्यात होती. तिने दोन्ही तशीच राहू दिली, आणि जुनी पुन्हा एकदा, हळूच, फिरवून पाहिली. पिशवीचं पाणी ठिबकत होतं पायावर. आतून आता जे काही ऐकू येईल ते कुणीच लिहून ठेवलेलं नव्हतं.